गोडीची छाटणी

निफाड तालुक्यात द्राक्षवेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते. माल उतरून बाग रिकामी झाली की मार्च-एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी. पहिलीतून काडी तयार होते, दुसरीतून घड. ऑक्टोबरात पिंपळगाव बसवंतच्या चहाच्या टपरीवर ‘गोडी छाटणी उरकली का?’ हा प्रश्न पाऊसपाण्याच्या चौकशीइतक्या सहज विचारला जातो. नवख्या माणसाला वाटावं, इथे कोणीतरी गोडी कापून टाकतंय. खरा अर्थ अगदी उलटा. ही छाटणी गोडी यावी म्हणून असते.

नवख्याचा तो चुकीचा अर्थ काही घरांत मात्र खरा ठरू लागला आहे. सकाळी मिक्सरच्या भांड्यात गोठवलेली स्ट्रॉबेरी, घट्ट दही, आठ-दहा बदाम आणि कडू कोको पूड पडते. साखर नाही, मध नाही, केळं नाही. ओट्याखाली घरच्याच बागेतल्या द्राक्षांचा क्रेट असतो आणि त्यातला एक मणीही भांड्यात जात नाही. सून त्या पेयाला ‘स्मूदी’ म्हणते, सासूबाई ‘तुझं ते तपकिरी ताक’ म्हणतात. फळ आणि चॉकलेट असूनही कर्बोदकं बेताची असलेला हा पेला पिंपळगावच्या ओट्यावर यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. त्यांतली बहुतेक वर्षं गाव नेमकं उलट्या दिशेने चाललं होतं.

पिंपळगाव बसवंत मुंबई-आग्रा रस्त्यावर, नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटरवर, पाराशरी नदीच्या काठी आहे. गाडीने जाणाऱ्याला ते टोलनाक्यामुळे ठाऊक असतं, व्यापाऱ्याला कांदा-टोमॅटोच्या बाजार समितीमुळे. पण या पट्ट्यातला पैसा आधी गोडीतूनच आला. निफाड तालुक्यात पाटाचं आणि विहिरीचं पाणी मिळाल्यावर ऊस वाढला, गुऱ्हाळं आली आणि पुढे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. एक भाऊसाहेबनगरला, तर दुसरा रानवडला, कर्मवीर काकासाहेब वाघांच्या नावाचा. उसाच्या मोळ्यांनी भरलेल्या बैलगाड्यांची रांग आणि मळीचा वास ज्यांच्या लहानपणात आहे, अशी पिढी इथे अजून आहे. साखरेचं वावडं ही कल्पना त्या पिढीला पटवणं सोपं नाही, आणि का पटावी?

द्राक्षांची सुरुवात पिंपळगावपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या ओझरची सांगितली जाते. १९२५ साली रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी तिथे खाण्याच्या द्राक्षांची लागवड केली. महाराष्ट्राला द्राक्ष नवं नव्हतं. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा तिथे द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा फळ येतं, हे त्याने आवर्जून नोंदवलं. त्या ‘दोनदा’त दख्खनच्या द्राक्षाचं सगळं कोडं आहे. थंड मुलखात वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते आणि वसंतात आपोआप जागी होते. इथे तिला झोपच लागत नाही. मोकळी सोडली तर ती वर्षभर पालवत राहते. म्हणून माणसाने कात्री घेऊन तिचं वर्ष आखून द्यायचं. पावसाळ्यातला बहार डावणी रोगाने आणि कुजेने जातो, तेव्हा तो धरायचाच नाही. उन्हाळ्यात खरडायचं, काडीत पुढच्या घडांची तयारी होऊ द्यायची, आणि थंडी-उन्हाच्या हंगामात पिकेल अशा बेताने ऑक्टोबरात पुन्हा छाटायचं. दोन छाटण्या, एक पीक. जगातल्या बहुतेक द्राक्षमुलखांत ही पद्धत नाही.

ओझर-पिंपळगावच्या जुन्या बागांतली द्राक्षं आजच्या माणसाने चाखली तर तो तोंड वाकडं करील. भोकरी, फकडी, पंढरी साहेबी अशी त्यांची नावं. वेली पांगाऱ्याच्या जिवंत खांबांवर चढवलेल्या असत. भोकरी भरपूर लागे, पण गोडीला बेताची, बियांची आणि टिकायला कच्ची. पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी पंढरी साहेबीतून निवड करून ‘चीमा साहेबी’ काढली. याच केंद्रात १९२७ साली पेरूची ‘लखनौ ४९’ ही जात निवडली गेली, जिला पुढे ‘सरदार’ नाव मिळालं. त्या पेरूची गाठ या लेखात शेवटी पुन्हा पडणार आहे.

खरा फेर पडला तो १९६० नंतर. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ स्थापन झाला, आणि पुढच्या काही वर्षांत ‘थॉमसन सीडलेस’ राज्यात पसरली. नाव एकोणिसाव्या शतकातल्या कॅलिफोर्नियाच्या विल्यम थॉमसन यांचं, मूळ मात्र पश्चिम आशियातल्या किसमिस द्राक्षाचं. बी नाही, साल पातळ, साखर भरपूर. अडचण एकच होती. बी नसल्यामुळे मणी बारीक राहायचा, कारण मण्याला फुगवणारं संप्रेरक बियांतून येतं. ती उणीव जिबरेलिक ॲसिडने भरून काढली. या संप्रेरकाचा शोध जपानी भाताच्या एका रोगातून लागला. रोगट रोपं वेड्यासारखी उंच वाढत, आणि १९२६ साली एइची कुरोसावा यांनी दाखवून दिलं की हे बुरशीच्या एका स्रावामुळे होतं. तोच पदार्थ पुढे पिंपळगावच्या बागेत बादलीत कालवला जाऊ लागला आणि बायका एकेक घड त्यात बुडवू लागल्या. या कामाला इथे ‘डिपिंग’ म्हणतात. त्याच्या जोडीला विरळणी, म्हणजे दाट घडातले मणी बारक्या कात्रीने काढून उरलेल्यांना जागा देणं. दिवसभर मान वर करून हे काम केलेल्या बाईला द्राक्षाची गोडी कुठून येते, हे वेगळं सांगावं लागत नाही.

महाराष्ट्राने थॉमसन नुसती उसनी घेतली नाही. तासगावच्या वसंतराव आर्वे यांनी तीतून ‘तास-ए-गणेश’ निवडली, सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’. या जाती शास्त्रज्ञांनी नव्हे, बागाईतदारांनी आपल्याच बागेतल्या एखाद्या चमत्कारिक फांदीवर नजर ठेवून शोधल्या. नाशिकच्या बागांनी त्या हातोहात उचलल्या. १९९१ साली ‘महाग्रेप्स’ ही सहकारी निर्यात संस्था झाली, आणि युरोपच्या दुकानात द्राक्ष पाठवायचं तर गोडी तोंडाने सांगून भागेना. ती आकड्यात सांगावी लागली.

इथे रिफ्रॅक्टोमीटर आला. हातभरही नसलेली नळी, टोकाला काचेचा तिरका लोलक. मणी चिरडून रसाचा थेंब काचेवर ठेवायचा, झाकण लावायचं, नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळ्या-पांढऱ्याची एक सीमारेषा दिसते आणि ती ज्या आकड्यावर थांबेल तो ‘ब्रिक्स’. एक अंश ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात एक ग्रॅम साखर. हे मोजमाप एकोणिसाव्या शतकातल्या अडोल्फ ब्रिक्स या जर्मन गणिती अभियंत्याच्या नावाचं आहे. साखर कारखान्यात उसाचा रसही याच अंशांत मोजतात. म्हणजे भाऊसाहेबनगरच्या प्रयोगशाळेतली भाषा पिंपळगावच्या बागेत आली, ती शेतकऱ्याच्या खिशात बसून.

नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत मणी कडक, हिरवा, आंबट असतो. मग एका आठवड्यात तो मऊ पडतो, किंचित पारदर्शक दिसू लागतो. शेतकरी म्हणतो, ‘पाणी उतरलं’. पाणी उतरल्यावर आम्ल घटत जातं, साखर चढत जाते, आणि रोज सकाळी नळी डोळ्याला लागते. चौदा, पंधरा, सोळा. निर्यातीचा व्यापारी साधारण सोळा ते अठराच्या मध्ये कुठेतरी हो म्हणतो. निफाडची थंडी कुप्रसिद्ध आहे. पारा एक आकडी उतरला की मण्याची फुगवण थांबते, गोडी भरणं लांबतं, पहाटेच्या गारठ्यात तयार मण्याला तडे जातात. मग बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे पाणी सोडलं जातं. आणि हे सगळं जमून आल्यावर २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट आली, तर अठरा ब्रिक्सचा माल अर्ध्या तासात जमिनीवर.

या सगळ्या खटाटोपाचं फळ आहाराच्या भाषेत असं: १०० ग्रॅम द्राक्षांत सुमारे १७-१८ ग्रॅम कर्बोदकं, बहुतेक सगळी साखर, तंतू एक ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरमध्ये दिसलेला आकडाच जवळजवळ जसाच्या तसा आहारतक्त्यात येतो. तोच मणी वाळवून बेदाणा केला की १०० ग्रॅमला सुमारे ७९. बागेत ज्या आकड्याने ऊर भरून येतो, त्याच आकड्याने काहींच्या घरी डॉक्टर भुवई उंचावतात.

गंमत म्हणजे पिंपळगावच्या बाजार समितीत सगळ्यात मोठ्या प्रमाणावर येणारं फळ कर्बोदकांच्या हिशेबात अगदी सोवळं आहे. टोमॅटो. वनस्पतिशास्त्राने ते फळच, आणि १०० ग्रॅमला कर्बोदकं जेमतेम चार ग्रॅम. हंगामात क्रेटच्या थप्प्या लागतात, भाव पडला की रस्त्यावर लाल चिखल होतो. पण टोमॅटोची चॉकलेट स्मूदी अजून कोणी केल्याचं ऐकिवात नाही, आणि तेच बरं.

आता बागेतून घरात. मराठी घरात फळाचं पेय जुनंच आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात पानकांसाठी स्वतंत्र भाग आहे. ‘पानक’ शब्दाचंच पुढे ‘पन्हं’ झालं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचं पन्हं, भर उन्हात कोकम सरबत, रस्त्याकडेला घुंगरांच्या ठेक्यावर चालणारी रसवंती. कैरी आणि कोकम आंबट, म्हणून गूळ-साखर सढळ. उसाच्या रसाची तर गोष्टच सोडा.

फळ आणि दूध एकत्र करण्याबाबत मात्र वैद्यांचा हात आखडता होता. चरकसंहितेत दुधाबरोबर आंबट फळं विरुद्ध आहारात गणली आहेत. मराठी घराने ते अर्धं ऐकलं. केळ्याचं शिकरण जिवापाड जपलं, पुण्याने आंब्याच्या दुधावर आइस्क्रीमचा गोळा ठेवून मस्तानी केली, आणि लग्नाच्या पंगतीत फ्रूट सॅलड आलं. कस्टर्ड पूड हा इंग्रजी मुदपाकखान्यातला शोध, १८३७ साली आल्फ्रेड बर्डने केलेला. १९५६ साली पुण्यात ‘वीकफील्ड’ सुरू झाली आणि पिवळा कस्टर्ड मराठी घरांत रुळला. त्यात सफरचंद, केळं, डाळिंबाचे दाणे आणि उभी चिरलेली नाशिकची द्राक्षं. पिंपळगावच्या द्राक्षाला वाटीतलं मानाचं पान मिळालं ते बहुधा या फ्रूट सॅलडमध्येच. त्यात साखर किती घालायची, हे कोणी विचारत नसे. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचं माप घरोघरी नेलं, आणि त्या काळच्या गोडाच्या मापात साखरेची वाटी मोठ्या मनाची होती.

स्मूदीला दोन यंत्रं लागतात. एक गोठवणारं, दुसरं फिरवणारं. भारतात फ्रिज बनू लागला तो १९५८ पासून, गोदरेजच्या कारखान्यात. फिरवणाऱ्या यंत्राचा जन्म अमेरिकेतल्या सोडा फाउंटनवरचा. विस्कॉन्सिनच्या स्टीफन पोप्लाव्स्कीने भांड्याच्या तळाशी फिरणारं पातं बसवलं आणि १९२२ साली त्याचं पेटंट मिळवलं, तेही माल्ट घातलेलं दूध घुसळण्यासाठी. आपल्याकडचा मिक्सर वेगळ्या गरजेतून आला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतले अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन मिक्सर वाटणाच्या माराने जळाला आणि दुरुस्त होईना. तेव्हा ओलं-सुकं सगळं वाटेल अशी दणकट मोटर बनवायचं त्यांनी आणि त्यांच्या पत्नींनी मनावर घेतलं. त्यातून ‘सुमीत’ आला. म्हणून मराठी मिक्सर आधी ओल्या खोबऱ्याचं वाटण करतो, शेंगदाण्याचा कूट करतो, आणि उरल्या वेळात मिल्कशेक. निफाडसारख्या भागात त्याला तिसरी गोष्टही लागे, ती म्हणजे वीज. भारनियमनाच्या वर्षांत मिक्सर कधी लावायचा हे महावितरणचं वेळापत्रक ठरवायचं.

चॉकलेटची वाट सगळ्यांत लांबची. मध्य अमेरिकेतल्या माया आणि अॅझ्टेक लोकांकडे ते मुळात पेयच होतं. कोकोच्या भाजलेल्या बिया वाटून, पाण्यात फेसाळून, कधी मिरची घालून प्यायचं. कडू. साखर त्यात युरोपात जाऊन पडली. १८२८ साली डच व्हॅन हाउटेन यांनी कोकोतलं लोणी दाबून काढायची रीत शोधली, तेव्हा कोरडी कोको पूड हाती आली. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॅनिएल पीटरने चॉकलेटात दूध मिसळलं, आणि ते पुरतं मिठाईत जमा झालं. भारतात ‘कॅडबरी’ १९४८ मध्ये आली, आणि १९६४ मध्ये तळेगाव दाभाड्याजवळ इंदुरीला तिचा कारखाना सुरू झाला. मराठी मुलांनी चॉकलेटला वर्षानुवर्षं ‘कॅडबरी’च म्हटलं, मग कागदावर नाव कोणाचंही असो. घरात कोकोचा डबा आला तो वाढदिवसाच्या केकसाठी आणि मारी बिस्किटांच्या चॉकलेट रोलसाठी. पिंपळगावच्या ओट्यावर कोको पूड दह्यात पडते तेव्हा चॉकलेट आपल्या मूळ कडू, पातळ रूपाकडे परत जातं. ज्या सासूबाई ‘साखर नाही तर चॉकलेट कसलं?’ म्हणतात, त्यांना हे सांगून पाहायला हरकत नाही. पटेलच असं नाही.

गोडी काढायची ही बुद्धी कुठून आली, याचेही धागे दूरवरचे आहेत. मधुमेहाची लघवी मुंग्यांना ओढते, हे आपल्या वैद्यांनी फार पूर्वी टिपलं होतं. लठ्ठपणासाठी साखर-पिष्ट कमी करायची चळवळ मात्र लंडनच्या विल्यम बँटिंगची. तो श्रीमंतांच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा व्यावसायिक. डॉक्टरच्या सल्ल्याने पाव, साखर, बटाटा सोडून तो बारीक झाला आणि १८६३ साली त्याने स्थूलतेवर एक जाहीर पत्र छापलं. ते इतकं गाजलं की इंग्रजीत त्याच्या आडनावाचं क्रियापद झालं. १९२१ मध्ये इन्सुलिन शोधणाऱ्या कॅनडाच्या डॉक्टरांचं आडनावही बँटिंगच, हा इतिहासाचा खोडकरपणा.

मराठी माणसाला या विषयाने हलवलं ते एका फोटोने. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे असलेले छापले गेले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२. काट्यावर सडपातळ दिसणारा भारतीय आतून तसा नसतो, हे त्या एका चित्राने सांगितलं. त्यानंतर काही वर्षांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत मांडली, आणि गावोगावी, अगदी लग्नाच्या मांडवातही, ‘मी दीक्षित करतोय’ हे वाक्य ऐकू येऊ लागलं. दोन जेवणांच्या मध्ये पातळ ताक चालतं, बिनसाखरेचा चहा चालतो. त्या हिशेबात स्मूदी मधल्या वेळेला बसत नाही, ती जेवणातच मोजावी लागते. पण वाटीभर साखरेकडे संशयाने पाहायची सवय मराठी घराला लागली, त्यात या चळवळीचा वाटा मोठा.

एका बाबतीत पिंपळगावाने साखर काढून टाकायचा उद्योग फार आधी करून पाहिला होता. १९८० च्या दशकात इथे ‘पिंपेन’ नावाचा वाइन प्रकल्प उभा राहिला. गावाच्या नावावर शँपेनचं कलम. वाइनमध्ये यीस्ट द्राक्षातली साखर खातं आणि अल्कोहोल मागे ठेवतं. कोरडी वाइन झाली की बावीस ब्रिक्सच्या रसात साखर नावापुरती उरते. प्रकल्प फार काळ चालला नाही. पुढे १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकला ‘सुला’ काढली, २००१ मध्ये राज्याचं वाइन धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झाला. साखर गेली, पण तिच्या जागी जे आलं ते सकाळी न्याहारीला देता येत नाही.

तर न्याहारीचा पेला. पिंपळगावसाठी त्याचं फळ दूरचं नाही. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला सुरगाण्याच्या डोंगरात स्ट्रॉबेरी होते, सापुताऱ्याच्या रस्त्यावर पेट्या लावून विकली जाते, आणि तिचा हंगाम नेमका द्राक्षाबरोबर, डिसेंबर ते मार्च. १०० ग्रॅमला कर्बोदकं आठ ग्रॅमच्या आत, त्यांत दोन ग्रॅम तंतू. देठ काढून, कोरडी करून, ताटात सुटी पसरून गोठवायची आणि मग डब्यात भरायची. एकदम डब्यात भरली तर गोळा होतो आणि मिक्सरचं पातं रडतं. बर्फ घालायची गरज उरत नाही, आणि बर्फ वितळून पेला पाणचट होत नाही.

पाया दुधाचा नको, दह्याचा. कारण एक चरकाचं, एक रसायनाचं. आंबट स्ट्रॉबेरीने दूध फाटतं, दह्याला काही होत नाही. त्यातही दही तासभर फडक्यात टांगून अर्धवट चक्का केला तर उत्तम. निवळीबरोबर दुधातली साखरही बरीच गळून जाते आणि मलईदारपणा येतो, जो एरवी केळ्याने यायचा. श्रीखंडासाठी पिढ्यान्‌पिढ्या जे केलं, तेच, फक्त साखरेच्या पायरीआधी थांबायचं. दही चालत नसेल त्याने नारळाचं घट्ट दूध घ्यावं.

कोको पूड बिनसाखरेचीच हवी. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ लिहिलेल्या डब्यात बहुतेक वेळा कोकोहून साखर जास्त असते, म्हणून मागचं बारीक अक्षर वाचूनच डबा घ्यावा. सपाट चमचाभर कोको आधी दोन चमचे गरम पाण्यात कालवून पेस्ट करायची, नाहीतर थंड दह्यात तिच्या गुठळ्या होतात आणि त्या दातांत कडू लागतात. भिजवून सोललेले आठ-दहा बदाम, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची किंवा दालचिनीची पूड. मीठ विसरू नये, कोकोचा कडूपणा त्याने मावळतो. वेलदोडा नाकाला गोडाचा भास देतो. शिऱ्यात, श्रीखंडात, बासुंदीत जन्मभर हुंगलेला असल्यामुळे मराठी नाक सहज फसतं.

हिशेब साधारण असा लागतो: १०० ग्रॅम स्ट्रॉबेरी, तेवढाच चक्का, चमचाभर कोको आणि बदाम मिळून कर्बोदकं पंधरा-सतरा ग्रॅम, तंतू वजा केले तर बारा-तेरा. त्याच आकाराच्या आंब्याच्या मिल्कशेकमध्ये, दोन मोठे चमचे साखर धरून, पन्नाशी ओलांडली जाते. साखर उतरवणारी औषधं चालू असतील त्याने असा बदल डॉक्टरांना सांगून करावा, कारण औषधाचं माप जुन्या आहारावर बसवलेलं असतं.

स्ट्रॉबेरीचा हंगाम संपला की पेरू. इथे डॉ. चीमांचा सरदार पुन्हा भेटतो. १०० ग्रॅमला चौदा ग्रॅम कर्बोदकं ऐकून दचकू नये, त्यांत पाच ग्रॅमच्या वर तंतू आहेत. बिया काढाव्या लागतात, कारण मिक्सरमध्ये त्या फुटत नाहीत आणि पेल्याच्या तळाशी वाळूसारख्या बसतात. पेरू-कोको ही जोडी ऐकायला विचित्र, पण थोडं तिखट-मीठ भुरभुरलं की ती शाळेबाहेरच्या गाडीची आठवण करून देते. जांभूळही घालून पाहणारे आहेत. रंग देखणा येतो, जीभ आणि ओटा दोन्ही जांभळे होतात, आणि कोको त्या तुरटपणापुढे हार मानतो.

द्राक्षाचं काय, हा प्रश्न घरात रोज निघतो. बागाईतदाराच्या घरी फेब्रुवारीत द्राक्षं विकत घेतली जात नाहीत, ती येतात. घड जरा वाकडा, मणी जरा पिवळसर, की निर्यातीच्या पेटीत जागा नाही, तो क्रेट घरी. अशा मण्यांना ब्रिक्स वीसच्याही वर असतो, व्यापाऱ्याला तो उशिरा काढलेला माल म्हणून नको असतो, खाणाऱ्याला तोच सगळ्यात गोड लागतो. सुनेने नियम केलेला असतो: स्मूदीत नाही, नुसते खायचे तर मोजून. सासरे नियम पाळतात. बागेतून आल्यावर पायरीवर बसून नळी डोळ्याला लावतात, आकडा मोठ्याने सांगतात, आणि काचेवर थेंब पिळून उरलेला मणी तोंडात टाकतात. तपासणीचा मणी मोजायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि सकाळभरात ते बागेच्या बऱ्याच ओळी तपासून आलेले असतात.